रोझाल्बा कांतामेसाचा संशय

रोझाल्बा कांतामेसा हॉटेलात गेली तर बिल दोनदा तपासायची आणि बरोबर निघालं तर तिसऱ्यांदा. पोर्ट लॅनिगनच्या विद्यापीठात तिच्यावर असे विनोद बरेच होते, आणि ते तिला ठाऊकही होते. ती रागवायची नाही. "माझ्या वडिलांना भेटला असतात तर मी तुम्हाला भोळी वाटले असते," एवढंच म्हणायची.

वडिलांचा, म्हणजे तिच्या पापांचा, हर्बर्ट नदीकाठी उसाचा मळा होता. कारखान्यानं कळवलेला साखरेचा उतारा त्यांनी आयुष्यात कधी खरा मानला नाही. एकदा, रोझाल्बा शाळेत असताना, कारखान्याच्या मापात खरोखरच खोट निघाली आणि सगळ्या इटालियन वस्तीत पापांचं नाव झालं. त्यानंतर पुढची कितीतरी वर्षं ते दर हंगामात भांडले आणि दर हंगामात चुकीचे ठरले; पण त्या एका विजयावर ते शेवटपर्यंत जगले. मुलीनं बापाकडून नाक घेतलं, जाड भुवया घेतल्या आणि हेही घेतलं.

ती आधी नर्स होती. एका अवजड रुग्णाला उचलताना पाठ कायमची धरली, तेव्हा रुग्णालयानं तिला तळघरातल्या नोंदणी विभागात बसवलं. डॉक्टरांचं किरटं अक्षर वाचायचं आणि प्रत्येक आजाराचा ठरलेला सांकेतिक क्रमांक लिहायचा, हे काम. इतरांना ते काम म्हणजे शिक्षा वाटे. रोझाल्बा तिथे रमली, कारण तिथे संशयाला रोज चारा होता. गर्भाशय काढलेल्या बाईच्या नावावर बाळंतपण लागलेलं असायचं. सकाळी वारलेल्या माणसाची दुपारची नाडी उत्तम असायची. कागद आणि शरीर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिला तिथे कळलं, आणि मग ते तिच्या डोक्यातून गेलंच नाही. नोकरी सांभाळत ती शिकली, पदवी घेतली, चाळिशी उलटल्यावर डॉक्टरेट केली, आणि आरोग्य माहितीशास्त्र शिकवायला विद्यापीठात आली. मध्ये एक लग्न झालं आणि मोडलं. त्यात संशयाचा वाटा किती, हे तिनं कधी कुणाला सांगितलं नाही.

फर्गस व्हेलन हा तिचा पहिला संशोधक विद्यार्थी. देशाच्या आतल्या कोरड्या भागातल्या, गुरं पाळणाऱ्या घरातला उंच, हसरा मुलगा. त्याच्या प्रबंधाचं एकेक पान तिनं लाल करून परत दिलं होतं, आणि तो दर नाताळात तिच्या दारात स्वतः पकडलेला बारामंडी मासा ठेवून जायचा. पुढे तो मेलबर्नला गेला, यंत्रांना शिकवायची नवी विद्या शिकून आला, आणि तिच्याच विभागात तिच्या वरच्या पदावर रुजू झाला. रोझाल्बानं त्याचं अभिनंदन केलं. ते मनापासून होतं की नाही, याबद्दल तिला स्वतःचाही थोडा संशय होता.

फर्गसनं जे यंत्र घडवलं त्याचं नाव त्यानं ठेवलं कर्लू. विद्यापीठाच्या हिरवळीवर जिथे तिथे उभे असणारे, लांब पायांचे, अंधार पडला की बाई रडल्यासारखे ओरडणारे ते पक्षी. त्याचा कर्लूही ओरडायचा, पण वॉर्डातल्या पडद्यावर. कुठल्या रुग्णाच्या रक्तात जंतू पसरू लागलेत, हे तो डॉक्टरांच्या कितीतरी तास आधी सांगायचा. रुग्णालयाच्या लाखो जुन्या नोंदी वाचून तो शिकला होता.

पहिल्यांदा निकाल दाखवले त्या दिवशी सभागृह भरलेलं होतं. शंभरातले नव्वदहून जास्त आजारी कर्लूनं वेळेआधी ओळखले होते. टाळ्या झाल्या, डीन हिलरी क्वेफनी केक कापला. रोझाल्बा भिंतीला टेकून उभी होती.

"बॉस, काहीतरी बोल की," फर्गस केकची बशी घेऊन तिच्यापाशी आला. विद्यार्थी असल्यापासून तो तिला बॉसच म्हणायचा.

"फारच चांगले निकाल आहेत."

"तुझ्या तोंडून ही शिवी वाटते."

"ताप चढायच्या आधी ओळखतो म्हणतोस. कशावरून ओळखतो?"

"ते त्यालाच विचार," तो हसला. "आपल्याला दिसत नाही असं काहीतरी त्याला दिसतं."

"काय दिसतं?"

"ते मला दिसलं असतं तर यंत्र कशाला बनवलं असतं? केक खा, बॉस."

तिनं केक खाल्ला, पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. आठवडाभरानं तिनं त्याच्याकडे मूळ माहिती मागितली. समितीची परवानगी लागेल, असं तो म्हणाला. हे खरं होतं, पण तिला टाळाटाळ वाटली. ती खोलीत शिरली की तो पडद्यावरचं पान बदलतो, असं तिला दिसू लागलं. दुपारचं जेवण तो डीनबरोबर घेऊ लागला होता, तेही तिनं हेरलं. हळूहळू तिची खात्रीच झाली, की इथे पेपर फुटलेला आहे. ज्या रुग्णांवर कर्लू शिकला, त्यांच्यावरच त्याची परीक्षा घेतली असणार. त्याशिवाय एवढे गुण कुठला विद्यार्थी मिळवतो?

त्याला तोंडावर विचारायचं सोडून तिनं विद्यापीठाच्या चौकशी समितीकडे गुप्त तक्रार केली.

फर्गसचे दोन्ही संगणक उचलून नेले. त्याला बंद दाराआड बोलावून तासन् तास प्रश्न विचारले. हसरा माणूस तो, पण त्या दिवसांत त्याचा चेहरा उतरून गेला. विभागात सकाळच्या चहाला जो तो आपल्या कपाआडून इतरांकडे बघत असे. एकदा त्यानं रोझाल्बालाच विचारलं.

"कुणी केलं असेल हे, बॉस?"

"काय माहीत," ती म्हणाली, आणि चहात बिस्किट बुडवलं.

"मला वाटतं इयुआननं." इयुआन म्हणजे शेजारच्या खोलीतला संख्याशास्त्राचा अबोल शिक्षक. "मागे त्याचा अर्ज नाकारला होता मी."

रोझाल्बानं दुसरं बिस्किट घेतलं. फर्गसनं इयुआनशी बोलणं टाकलं.

समितीनं सगळं तपासलं. पेपर फुटलेला नव्हता. शिकायचे रुग्ण वेगळे, परीक्षेचे वेगळे, सगळं चोख. फर्गस निर्दोष ठरला आणि कर्लू रुग्णालयाच्या वॉर्डांत बसला. डीनबाईंनी रोझाल्बाला बोलावून घेतलं. तक्रार कुणाची, हे त्यांना अधिकृतपणे ठाऊक असायचं कारण नव्हतं.

"रोझ, काही लोकांना स्वतःच्या विद्यार्थ्याचं बरं झालेलं बघवत नाही. तुझं काय मत आहे?"

"असतील असे लोक," रोझाल्बा म्हणाली.

"पुढच्या वर्षी प्राध्यापकपदासाठी अर्ज करणार होतीस ना? थोडं थांबलीस तर बरं."

त्या संध्याकाळी ती गाडीत बसून घरी निघाली. आपण चुकलो हे तिनं मान्य केलं होतं. पण निकाल अजूनही तिला फारच चांगले वाटत होते.

डेलिस नोनाची आणि तिची मैत्री वॉर्डातल्या दिवसांपासूनची. बाडू बेटावरची धिप्पाड, मोठ्यानं हसणारी डेलिस आता शस्त्रक्रियेनंतरच्या वॉर्डाची मुख्य सिस्टर होती. कर्लू बसून बरेच महिने झाल्यावर एका रविवारी बाजारात पपया निवडताना ती म्हणाली,

"तुमचा पक्षी अलीकडे मुका झालाय, रोझी."

"माझा नाही तो. मुका म्हणजे?"

"आधी आधी नुसता कलकलाट. आता गप्प बसतो."

"मग चांगलंच की."

"हो, पण माणसं आजारी पडायची थांबली नाहीत." डेलिसनं हातातली पपई खाली ठेवली. "बंदरातल्या टगबोटीवरचा बेव्हन माहीत आहे ना? बेव्हन स्ट्रॅकन? घोट्याच्या शस्त्रक्रियेला आला होता. दिवसभर पडदा हिरवा. कळलं तेव्हा विष वर चढलं होतं. गुडघ्याखाली पाय काढावा लागला."

"कर्लू ओरडलाच नाही?"

"ओरडला. आम्हाला कळल्यावर."

रोझाल्बानं पपया घेतल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी ती डेलिसच्या वॉर्डात गेली, आणि रुग्णाच्या नातेवाइकासारखी कोपऱ्यातल्या खुर्चीत दुपारभर बसून राहिली. विशेष काहीच घडत नव्हतं. एक तरुण सिस्टर औषधाची गाडी ढकलत गेली. चौथ्या पलंगावरच्या बाईचा चेहरा मातकट दिसत होता. सिस्टर क्षणभर थबकली, भिंतीवरच्या पडद्याकडे बघितलं, तो हिरवा होता, आणि ती पुढे गेली.

रोझाल्बाला आपले नर्सपणाचे दिवस आठवले. असा चेहरा दिसला की पाय आपोआप वळायचे. ठरलेली वेळ झालेली नसली तरी नाडी बघायची, ताप बघायचा, पुन्हा अर्ध्या तासानं यायचं. का, ते सांगता यायचं नाही. माणूस बरा वाटत नाही, एवढंच. आणि दर वेळी नोंद व्हायची. नाडी ठीकच लागायची, ताप नसायचाच, पण नोंद व्हायची.

ती ताडकन उठली. जायच्या आधी मात्र त्या सिस्टरला म्हणाली, "चार नंबरच्या बाईंकडे एकदा बघून ये ना. मला त्यांचा रंग आवडला नाही."

वर्गात शिकवण्यासाठी तिला नाव-गाव काढून टाकलेल्या जुन्या नोंदींची एक प्रत मिळालेली होती, आणि कर्लूची विद्यार्थ्यांसाठीची प्रतही. तिनं एक साधा प्रयोग केला. नोंदींमधले सगळे आकडे पुसले. ताप किती, नाडी किती, रक्तदाब किती, काही ठेवलं नाही. ठेवली फक्त वेळ: या रुग्णाकडे सिस्टर अमुक वाजता गेली, पुन्हा अमुक वाजता गेली. मग त्या आंधळ्या नोंदी कर्लूला दिल्या.

कर्लूनं जवळजवळ पूर्वीइतकेच आजारी ओळखले.

तिनं प्रयोग पुन्हा केला. आपल्याला हेच उत्तर हवं आहे म्हणून आपण कुठेतरी हातचलाखी करतोय की काय, असा तिला स्वतःचाच संशय आला. म्हणून तिसऱ्यांदा दुसऱ्या वर्षाच्या नोंदी घेतल्या. उत्तर तेच. सिस्टर एखाद्या पलंगाकडे वारंवार जाऊ लागली की तो माणूस आजारी पडणार, एवढं एकच शहाणपण कर्लू शिकला होता. आणि आता सिस्टर त्याच्या भरवशावर पलंगाकडे जाईनाशा झाल्या होत्या, म्हणून तो गप्प होता.

फर्गसच्या खोलीत ती गेली तेव्हा तो गळाचे दोरे सोडवत बसला होता. तिनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. तो मान वर न करता ऐकत होता.

"म्हणजे समितीला काही सापडलं नाही," तो शेवटी म्हणाला, "म्हणून आता हा दुसरा रस्ता."

रोझाल्बानं चमकून त्याच्याकडे बघितलं.

"तक्रारीची प्रत मला दिली होती, बॉस. नाव खोडलेलं. पण 'फारच चांगले निकाल' असं दोनदा लिहिलं होतं त्यात. माझ्या प्रबंधाच्या समासात तू हेच लिहायचीस."

"पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं तुला?"

"सुनावणीच्या दिवसापासून. त्याआधी मी इयुआनला छळत होतो. आणि तू समोर बसून बिस्किटं खात होतीस."

"मग बोलला का नाहीस?"

"बघत होतो, तू सांगतेस का." त्यानं दोरा खाली ठेवला. "नाही सांगितलंस."

"चुकले," ती म्हणाली. "तिथे मी चुकले. त्याचं काय करायचं ते तू ठरव. पण हे खरं आहे, फर्गस. एका माणसाचा पाय गेलाय."

"तू म्हणतेस म्हणून खरं?"

"नको धरूस खरं. माझ्यावर अजिबात विश्वास ठेवू नकोस. प्रयोग तूच तुझ्या संगणकावर कर, तुझ्या नोंदी घे. मी कशाला हात लावत नाही."

"तू खोलीतसुद्धा थांबायचं नाहीस."

"बाहेर बसते."

ती व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसली. समोरच्या हिरवळीवर दोन कर्लू काठ्या रोवल्यासारखे उभे होते. बसल्या बसल्या तिच्या डोक्यात पुन्हा चक्र सुरू झालं. आत तो काय करतोय? उत्तर दिसलं आणि त्यानं दाबून टाकलं तर? इतकी वर्षं मेहनत घेतलीय, मुलं लहान आहेत, घराचं कर्ज आहे. कोण स्वतःच्या हातानं स्वतःचं नाव पुसेल? तिनं मनातल्या मनात दुसऱ्या तक्रारीची वाक्यं जुळवायलाही घेतली.

दार उघडलं. फर्गस तिच्या शेजारी न बसता कठड्याला टेकला.

"आकडे पुसले तरी तेच," तो म्हणाला. "मग मी वेळा पुसल्या आणि आकडे ठेवले. त्याला काहीच ओळखता येत नाही. नाणं उडवल्यासारखं."

वेळा पुसून बघायचं रोझाल्बाला सुचलं नव्हतं. तिनं तसं सांगितलं.

"मला वाटायचं तो आपल्याला न दिसणारं काही बघतो," फर्गस म्हणाला. "तो नुसता सिस्टरांच्या पावलांकडे बघत होता."

डीनबाईंनी दोघांना समोर बसवून पाण्याचे ग्लास दिले. मंत्र्यांच्या भाषणात कर्लूचा उल्लेख येऊन गेला होता, आणखी चार रुग्णालयं तो घेणार होती. गाजावाजा न करता आतल्या आत दुरुस्ती करावी, असं त्यांचं म्हणणं पडलं. रोझाल्बानं तिरक्या नजरेनं फर्गसकडे बघितलं. हा आता होकारार्थी मान हलवणार, अशी तिची खात्री होती.

"आज बंद करायचा," फर्गस म्हणाला.

"फर्गस, जरा विचार कर."

"हिलरी, तुम्ही दुपारपर्यंत बंद केला नाहीत, तर मी स्वतः एकेका वॉर्डात जाऊन सिस्टरांना सांगेन की पडद्याकडे बघू नका. आणि वर्तमानपत्रानं विचारलं तर त्यांनाही सांगेन."

रोझाल्बाची त्याच्याकडे बघायची हिंमत झाली नाही. या माणसाबद्दल ती पुन्हा चुकली होती. कर्लू दुपारी बंद झाला.

बेव्हन स्ट्रॅकनला भेटायला जाऊ नका, असं रुग्णालयाच्या वकिलांनी बजावलं होतं. रोझाल्बा गेली. तो बंदराजवळच्या घरात, मांडवाखाली, कुबड्या शेजारी ठेवून रेडिओवर घोड्यांच्या शर्यती ऐकत होता.

"कुणी पाठवलं तुला? रुग्णालयानं?"

"कुणी नाही."

"सगळे असंच म्हणतात. मागच्या आठवड्यात एक जण टोपली घेऊन आला होता. आंबे, चॉकलेट, आणि तळाशी सहीचा कागद."

"माझ्याकडे कागद नाही. तुमच्या बाबतीत काय झालं, ते कुणी सांगितलं का?"

"गुंतागुंत झाली म्हणाले."

तिनं त्याला साध्या शब्दांत सांगितलं. त्यानं रेडिओ बंद केला आणि तिच्याकडे डोळे बारीक करून बघितलं.

"म्हणजे ते यंत्र पोरींकडे बघत होतं," तो म्हणाला, "आणि पोरी यंत्राकडे."

"हो."

"मी त्या पोरीला सांगितलं होतं, मला बरं वाटत नाहीय. ती म्हणाली, पडद्यावर सगळं ठीक आहे, मिस्टर स्ट्रॅकन." त्यानं शेजारची कुबडी सरळ केली. "चांगली पोर आहे. नंतर रडली माझ्यापाशी. तिच्या मागे लागलेत का ते?"

"लागलेत."

"मग हे सगळं तिच्या चौकशीत येऊन सांगशील? का नुसतीच मला सांगायला आलीस?"

रोझाल्बा चौकशीला गेली आणि तिनं सांगितलं. त्या सिस्टरची नोकरी वाचली. बेव्हनला भरपाई मिळाली. किती, ते गुप्त ठेवायच्या अटीवर. रोझाल्बाला प्राध्यापकपद मिळालं नाही. तक्रारीतलं नाव कुठून तरी फुटलं होतंच, आणि सकाळच्या चहाला ती आली की बोलण्याचे विषय बदलू लागले. ती इयुआनच्या खोलीत जाऊन एकदा सगळं बोलली. त्यानं ऐकून घेतलं, मान हलवली, आणि पुन्हा कामाला लागला. तेवढ्यावर ते राहिलं.

फर्गस आणि तिनं मिळून कर्लूच्या अपयशावर शोधनिबंध लिहिला. तो त्या वर्षात बऱ्याच ठिकाणी वाचला गेला. लिहिताना दोघं एका टेबलाशी बसत, कामापुरतं बोलत. नाताळात मासा आला नाही. नवा कर्लू बांधला तो जुन्यापेक्षा मंद होता, शंभरातले वीसेक आजारी त्याच्या नजरेतून सुटायचे, आणि डेलिसच्या हट्टानं पडद्यावर एक वेगळं बटण आलं: सिस्टरला एखादा रुग्ण बरा वाटत नसेल, तर कारण न देता दाबायचं. ते दाबलं की डॉक्टरला यावंच लागतं. काही डॉक्टर कुरकुरतात.

पुढे फर्गस वेलिंग्टनला गेला. दोन वर्षं त्याचं काहीच कळलं नाही. मग एके दिवशी त्याचा नवा निबंध रोझाल्बाच्या संगणकावर येऊन पडला. वर मायना नाही, खुशाली नाही.

"इथे सगळे म्हणतात छान आहे," एवढंच लिहिलं होतं. "म्हणून तुला पाठवतोय."

रोझाल्बानं तो छापून काढला, लाल पेन घेतलं आणि तीन दिवस वाचला. तिला पाच शंका आल्या. त्यातल्या दोन खऱ्या होत्या, दोहोंचं त्याच्याकडे उत्तर होतं, आणि एक तिचीच वाचण्यातली चूक निघाली. तो अजूनही पाठवतो.